मजुरी, वेतन आणि मानधन

नागरिकशास्त्राचा तास चालू होता. मी फळ्यावर राज्यसभेची रचना लिहिली होती. राज्यघटनेप्रमाणे या सभागृहात जास्तीत जास्त २५० सभासद असू शकतात. त्यांपैकी १२ जणांना राष्ट्रपती नेमतात. एवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"सर, या बारा जणांना पगार मिळतो का?"

"हो, मिळतो. इतर खासदारांइतकाच मिळतो."

"पण सर, त्यांना तर कोणी मत दिलेले नसते!"

त्या मुलाचे वडील यंत्रमागावर काम करतात. जेवढे मीटर कापड विणून होईल, तेवढी मजुरी त्यांच्या हातात पडते. वीज गेली की माग थांबतो आणि मागाबरोबर मजुरीही थांबते. त्यामुळे त्याचा प्रश्न केवळ पुस्तकातला नव्हता. घंटा झाली, तास संपला. पण प्रश्न तसाच राहिला. विद्यार्थी मित्रांनो, त्याच प्रश्नाचा विचार आपण या पाठात करू या.

प्रथम काही शब्दांचे अर्थ नीट समजून घेऊ. कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशाला मराठीत अनेक नावे आहेत. दिवसाच्या किंवा नगाच्या हिशोबाने मिळते ती मजुरी; उर्दूत आपण तिला उजरत म्हणतो. दर महिन्याला ठरलेला मिळतो तो पगार किंवा वेतन, म्हणजे तनख्वाह. यांतला पगार हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आहे. तिसरा शब्द मानधन. मान म्हणून जे धन दिले जाते ते मानधन. उर्दूत त्याला एजाजिया म्हणतात. मजुरी देताना काम मोजतात. मानधन देताना काम मोजत नाहीत, माणसाचा मान पाहतात. आता प्रश्न असा, की नेमलेल्या सभासदाला जे मिळते ते यांपैकी काय समजावे?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी हे सभासद कोण असतात, ते पाहू. त्यांना मराठीत नामनिर्देशित सभासद म्हणतात, उर्दूत नामजद. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना राष्ट्रपती राज्यसभेवर नेमतात. निवडणूक लढवणे हे प्रत्येकाला जमणारे काम नाही. सभा घेणे, प्रचार करणे, पैसा उभा करणे हे एखाद्या शास्त्रज्ञाच्या किंवा कवीच्या स्वभावात नसते. तरीही कायदे करताना त्यांच्या ज्ञानाचा देशाला उपयोग व्हावा, म्हणून ही सोय केली आहे.

१९५२ साली राज्यसभा स्थापन झाली, तेव्हा पहिल्या नेमलेल्या सभासदांत शिक्षणतज्ज्ञ डॉ. झाकीर हुसेन होते. तेच पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल आणि अभिनेते पृथ्वीराज कपूर हेही त्या सभासदांत होते. १९५३ साली धर्मशास्त्राचे थोर अभ्यासक पां. वा. काणे यांची नेमणूक झाली. डॉ. झाकीर हुसेन आणि काणे या दोघांनाही १९६३ साली भारतरत्न हा किताब मिळाला.

आपल्या राज्यातही अशी सोय आहे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांपैकी १२ जागांवर राज्यपाल नेमणूक करतात. येथे वरील चार क्षेत्रांबरोबर सहकार चळवळीचाही समावेश आहे. पळसखेडचे शेतकरी कवी ना. धों. महानोर यांची १९७८ साली विधान परिषदेवर नेमणूक झाली होती.

नेमलेल्या सभासदाला कायद्याच्या मसुद्यावर बोलण्याचा व मत देण्याचा पूर्ण अधिकार असतो. मात्र राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तो मत देऊ शकत नाही. तेथे फक्त निवडून आलेल्या सभासदांनाच मताधिकार आहे.

आता पैशाकडे वळू. १९५४ साली खासदारांच्या वेतनाचा कायदा झाला. त्या वेळी वेतन होते दरमहा ४०० रुपये. ते हळूहळू वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून ते दरमहा १,२४,००० रुपये झाले. शिवाय अधिवेशनाच्या काळात दररोज २,५०० रुपये भत्ता ठरला. इतर काही भत्ते आणि सवलती वेगळ्याच. निवडून आलेला आणि नेमलेला असा भेद यात केलेला नाही.

याच्या शेजारी मजुराचा हिशोब मांडू. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. एका मजुराने वर्षात १०० दिवस काम केले, असे धरू. त्याला २९,७०० रुपये मिळाले. म्हणजे खासदाराचे एका महिन्याचे वेतन हे मजुराच्या या वर्षभराच्या मजुरीच्या चौपटीहून अधिक होते. हा हिशोब पाहिला की त्या मुलाचा प्रश्न आपल्यालाही टोचू लागतो.

मग अशा सभासदांना वेतन देऊच नये का? काही लोक तसे म्हणतात. त्यांचे म्हणणे असे, की हे लोक आधीच नामवंत असतात, त्यांना पैशाची गरज नसते. ही गोष्ट सरसकट खरी नाही. कवी, संशोधक किंवा समाजसेवक नामवंत असला, तरी श्रीमंत असतोच असे नाही.

येथे इंग्लंडचा इतिहास उपयोगी पडतो. तेथे १९११ सालापर्यंत लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहातील सभासदांना वेतन मिळत नसे. परिणाम काय झाला? जमीनदार आणि धनवान लोकच सभासद होऊ शकत. गिरणीतला कामगार कामावर गेला नाही तर घरी चूल पेटणार नाही. तो सभागृहात कसा बसणार? म्हणून सभासदांना वेतन द्यावे, ही मागणी १८३८ साली तेथील कामकरी लोकांच्या चळवळीनेच केली होती. ती मान्य व्हायला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला. १९११ मध्ये वर्षाला ४०० पौंड वेतन सुरू झाले. म्हणजे वेतन ही श्रीमंतांची चैन नव्हती. गरिबाला सभागृहाचे दार उघडणारी ती किल्ली होती. वेतन बंद केले, तर ते दार पुन्हा गरिबासाठीच बंद होईल.

दुसरी गोष्ट कामाची. नेमलेला सभासद मनापासून काम करील, तर त्याचा फायदा हजारोंना होतो. कवी आणि गीतकार जावेद अख्तर यांची २०१० साली राज्यसभेवर नेमणूक झाली. चित्रपटातील गाणी लिहिणाऱ्यांना आणि संगीतकारांना त्यांच्या गाण्यांच्या पुढील मिळकतीत वाटा मिळावा, ही बाजू त्यांनी सभागृहात मांडली. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली.

आणि रोजगार हमीची मजुरी आपण वर पाहिली, तिची कथाही येथे सांगण्यासारखी आहे. या योजनेचे जनक वि. स. पागे हे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. या सभागृहाचे बहुतेक सभासद सामान्य मतदारांच्या थेट मतांनी येत नाहीत. पण पागे यांनी खेड्यातील बेकार मजुराचा विचार केला. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्याला आधार ठरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या सभागृहातील एका माणसाच्या विचाराने लाखो हातांना काम मिळाले.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गायिका लता मंगेशकर १९९९ ते २००५ या काळात राज्यसभेच्या नेमलेल्या सभासद होत्या. त्यांनी वेतन आणि भत्ते घेतले नाहीत. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ या काळात सभासद होते. त्यांनी आपले सुमारे ९० लाख रुपयांचे वेतन व भत्ते पंतप्रधान मदत निधीला दिले. दोघांचेही औदार्य मोठे. तरीही सभागृहातील त्यांच्या कमी हजेरीवर टीका झालीच. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पैसे परत केल्याने जागा भरत नाही. लोकांना त्या जागेवरून काम हवे असते.

येथेच मजूर आणि सभासद यांच्यातला खरा फरक दिसतो. मजूर एक दिवस आला नाही, तर त्या दिवसाची मजुरी जाते. सभासद आला नाही, तर त्याचा दैनिक भत्ता जातो. पण महिन्याचे वेतन चालूच राहते. इंग्लंडच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे लॉर्ड्सच्या सभागृहात, बहुतेक सभासद नेमलेलेच असतात. त्यांतील बहुतेकांना वेतन नसते. उपस्थितीच्या दिवसांचा भत्ता मिळतो. या रीतीतून आपल्याला काही घेता येईल का, याचा विचार व्हायला हवा.

आणखी एक फरक आहे. खासदारांचे वेतन संसदच कायद्याने ठरवते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ते दर पाच वर्षांनी महागाईच्या प्रमाणात आपोआप वाढते. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही मजुरीच्या दरांचा पाच वर्षांच्या आत फेरविचार करण्याची तरतूद होती. पण ती वाढ आपोआप होत नसे. सरकारने निर्णय घेतला तरच होत असे. महागाई दोघांच्याही दारात सारखीच येते. मग तिचे उत्तर दोघांना वेगवेगळे का मिळावे?

माझे उत्तर असे आहे. नेमलेल्या सभासदाला पैसे मिळावेत. पण ते मानधन म्हणून नव्हे, वेतन म्हणून. मान त्याला त्याच्या कलेने, विद्येने आणि सेवेने आधीच मिळालेला असतो. सभागृहातील पैसा हा सभागृहातील कामाचाच असला पाहिजे. तो साध्या मजुरीपेक्षा अधिक असला, तर त्यामागचे कारण मजुराला समजावून सांगता आले पाहिजे. आणि ते कारण एकच असू शकते: सभासदाने केलेले काम.

दुसऱ्या दिवशी मी हे सारे वर्गात सांगितले. तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, म्हणजे त्यांचेही कापड मोजले पाहिजे."

मी फळ्यावर काहीच लिहिले नाही. जे सांगायचे ते त्याने एका वाक्यात सांगितले होते.