आठ वाघिणींची रेल्वे

मॉडेल रेल्वेचा नाद लागला की डोळ्यांसमोर आधी घाट उभा राहतो. बोगदे, दगडी पूल, वळसा घेत येणारी लांबलचक एक्स्प्रेस, दिव्यांनी उजळलेलं जंक्शन. मग माणूस टेप घेऊन खोली मोजायला लागतो आणि हिशेब अंगावर येतो. एलएचबी डबा साधारण २४ मीटर लांब असतो. असे २४ डबे एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये केले, तर नुसती गाडीच साडेसहा मीटरच्या पुढे जाते. बारा डब्यांची लोकल घेतली तरी तीन मीटरच्या आसपास. तिला फलाट हवा, फलाटाच्या दोन्ही टोकांना सांधे हवेत, वळायला जागा हवी. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हे बसत नाही आणि बहुतेकांचा छंद कागदावरच संपतो.

तो तसा संपायची काही गरज नाही. ब्रिटनमध्ये ॲलन राइट नावाच्या हौशी मॉडेलकाराने एक आराखडा करून ठेवला आहे, त्याचं नाव ‘इंगलनूक सायडिंग्ज’. दोन सांधे, तीन सायडिंग, एक इंजिन आणि आठ वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, एवढाच त्याचा पसारा. नॉर्थंबरलँडमधल्या अल्निक–कॉर्नहिल शाखेवर किलहॅम इथे मालगाडीच्या सायडिंग होत्या, त्यांच्यावरून तो सुचलेला. जगभरात या आराखड्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या आहेत की लहान आणि उचलून नेण्याजोगा लेआउट म्हटलं की जाणकार आधी याचंच नाव घेतात. माझ्या मते हा मान त्याला केवळ लहान असल्यामुळे मिळालेला नाही. त्यातली प्रत्येक लांबी कारणासाठी आहे, एकही इंच सवयीने आलेला नाही.

रचना अशी आहे. एक रूळ सरळ पुढे येऊन सांध्यापाशी फुटतो. त्यातली एक वाट लांब सायडिंगवर जाते, दुसरी आणखी एका सांध्यावर जाऊन दोन आखूड सायडिंगमध्ये विभागते. लांब सायडिंगवर पाच वाघिणी मावतात, आखूड दोन्हींवर प्रत्येकी तीन. सांध्यांच्या अलीकडच्या रुळावर, म्हणजे जिथे इंजिन मागेपुढे करतं तिथे, इंजिन आणि तीन वाघिणी बसतात, चौथी बसत नाही. आठही वाघिणींना क्रमांक दिलेले असतात. चिठ्ठ्या काढायच्या, त्यातून आलेल्या पाच क्रमांकांची गाडी त्याच क्रमाने लांब सायडिंगवर लावायची. एवढाच नियम.

तिन्ही सायडिंग मिळून जागा अकरा, वाघिणी आठ. म्हणजे मोकळ्या जागा तीनच. सगळी गंमत या तीन जागांची आहे. एक उदाहरण सोडवून पाहू. लांब सायडिंगवर बफरच्या, म्हणजे रुळाच्या बंद टोकाच्या, बाजूने ३, ६, १, ८, ५ अशा वाघिणी उभ्या आहेत. एक आखूड सायडिंग भरलेली, एक रिकामी. चिठ्ठ्यांनुसार नव्या गाडीत १ क्रमांकाची वाघीण सगळ्यात आत, बफरला टेकून हवी आहे. ती तर मधोमध अडकली आहे. ५ आणि ८ ओढून रिकाम्या सायडिंगवर टाकल्या. परत येऊन १ काढली आणि त्याच सायडिंगवर त्या दोघींच्या अलीकडे उभी केली. ती सायडिंग भरली. आता लांब सायडिंगवर उरलेल्या ६ आणि ३ इंजिनाला जोडून बाहेर काढल्या. त्या कुठे ठेवायला जागाच नाही, म्हणून त्यांना घेऊनच इंजिन १ कडे गेलं, तिला शेपटाला जोडलं आणि तिघींना घेऊन सांध्यांच्या अलीकडे आलं. या क्षणी तो रूळ काठोकाठ भरलेला असतो. सांधा फिरवायचा, तिघींना लांब सायडिंगवर ढकलायचं, १ बफरला टेकली की तिला तिथेच सोडायचं. झाली एक जागेवर, राहिल्या चार. अलीकडचा रूळ एका वाघिणीने आखूड असता तर ही चाल करताच आली नसती.

आठांतून पाच वाघिणी क्रमाने निवडायच्या तर शक्यता होतात ६,७२०. याची एक धाकटी आवृत्ती आहे: सायडिंग ३, २, २, वाघिणी पाच आणि गाडी तीन वाघिणींची. तिच्यात शक्यता फक्त ६०. जागा थोडीशी वाचते आणि खेळ महिन्याभरात पाठ होतो. म्हणून जागेसाठी तडजोड करायची वेळ आली तर प्रमाण लहान घ्यावं, वाघिणी लहान घ्याव्यात, पण ५–३–३ सोडू नये असं मी आग्रहाने सांगेन. लहानपणी आपण पंधरा सोंगट्या सरकवायचा जो चौकटीतला खेळ खेळायचो त्याच्याच जातीचा हा खेळ आहे, फक्त इथे सोंगट्यांना चाकं आहेत. त्या जुन्या खेळातल्या निम्म्या मांडण्या सुटतच नाहीत. इंगलनूकच्या ५–३–३ मध्ये मात्र कुठलीही मांडणी सुटते. सायमन ब्लॅकबर्न या गणितज्ञाने यावर रीतसर शोधनिबंध लिहिला आहे: सायडिंगच्या आणि अलीकडच्या रुळाच्या लांबी किती असल्या तर हवा तो क्रम नक्की लावता येईल, आणि कमीत कमी किती चालींत, याचा विचार त्यात आहे.

शंटिंगच्या कोड्यांत इंगलनूकला एक प्रतिस्पर्धीही आहे. कॅलिफोर्नियात मॉन्टेरी इथे राहणाऱ्या जॉन ॲलन यांनी घराच्या तळघरात ‘गोरी अँड डॅफेटिड’ नावाची अख्खी डोंगरी रेल्वे उभी केली होती. त्या काळातल्या सर्वांत गाजलेल्या मॉडेल रेल्वेंपैकी ती एक.  त्यांनीच रचलेला ‘टाइमसेव्हर’ हा पाच सांध्यांचा शंटिंगचा लहानसा आराखडा १९७२ मध्ये छापून आला होता, तो आजही लोक बांधतात. मला तरी टाइमसेव्हरपेक्षा इंगलनूक उजवा वाटतो. टाइमसेव्हर घड्याळाशी लावलेली शर्यत आहे, खऱ्या यार्डात कोणी असे रूळ टाकणार नाही. इंगलनूक एखाद्या गिरणीच्या नाहीतर बंदराच्या मागे सहज शोभून जातो.

ज्यांना प्रवासी गाड्याच हव्यात त्यांच्यासाठी सिरिल फ्रीझर यांचा ‘मिनरीज’ आहे. फ्रीझर ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकाचे संपादक होते, १९५७ मध्ये त्यांनी हा शहरी टर्मिनसचा आराखडा मांडला. तोही अभ्यासण्यासारखा आहे, पण पहिला लेआउट म्हणून मी तो सुचवणार नाही. सांधे जास्त, वायरिंग जास्त, आणि गाड्या साठवायला पडद्यामागे वेगळं यार्ड लागतं.

इंगलनूक आपल्या मातीत आणायचा तर? इथे बार्शी लाइट रेल्वे मदतीला येते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. वारीला जाणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी हिच्यातून प्रवास केला आहे. आता ७६२ ला ८७ ने भागा: उत्तर पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात एन गेजचे रूळ नऊ मिलिमीटरचेच मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. उलट आपल्या ब्रॉडगेजचा हिशेब करा. १६७६ मिलिमीटरचं एचओमध्ये सव्वाएकोणीस होतं आणि तयार रूळ असतात साडेसोळाचे, म्हणजे गाडीच्या पायाखालची वाट जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद. बहुतेक जण ते चालवून घेतात. पण समोरून पाहिलं की खटकतं.

दुसरी सोय लांबीची. कॅलथ्रॉपने मालाचे डबे २५ फुटांच्या एकाच मापाने बांधून घेतले होते. १:८७ मध्ये तो डबा पावणेनऊ सेंटिमीटरचा, कपलिंग धरून साडेनऊ. आता पेन्सिल घ्या. पाच वाघिणींना साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर, तिघींना साडेअठ्ठावीस. इंजिनाला अकरा धरले तर अलीकडचा रूळ चाळीस सेंटिमीटर. एका सांध्याला तेरा. शिवाय शेजारच्या रुळावरच्या गाडीला धक्का लागू नये म्हणून सांध्यापुढे आठ सेंटिमीटर मोकळे ठेवायचे. बफरला तीन. बेरीज केली की लांब सायडिंगच्या वाटेने एकशे बारा सेंटिमीटरच्या आतबाहेर येते, आखूड सायडिंगच्या वाटेने थोडी कमी. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. आठ बाय चारच्या प्लायची रुंदी तेवढीच असते, तेव्हा तिच्यातून एक फूट रुंदीची आडवी पट्टी कापली की तळ तयार. बार्शीच्या वाघिणी मात्र स्वतः घडवाव्या लागतील: एन गेजच्या बोग्या खाली, प्लास्टिक शीटची पेटी वर. आठच करायच्या आहेत, म्हणून ते झेपतं.

उचलून न्यायचा लेआउट आखताना सुरुवात रुळांपासून करू नये. तो कुठे राहणार आणि कुठून बाहेर पडणार, हे आधी मोजावं. दिवाणाखालची जागा, कपाटाची वरची बाजू, लिफ्टचा दरवाजा, गाडीची डिकी. एकट्याने उचलता आलं नाही तर तो लेआउट घरीच पडून राहतो. चार फुटी अखंड फळी डिकीत जात नसेल तर दोन तुकडे करायचे, आणि इथे कागदावरचा आराखडा पुन्हा तपासावा लागतो. वरच्या हिशेबात चाळीस सेंटिमीटरनंतर पहिला सांधा, त्रेपन्नच्या पुढे दुसरा. बरोबर मध्ये, साठ-एकसष्टवर फळी कापली तर करवत दुसऱ्या सांध्याच्या अंगावरून जाते. सांध्याची हलणारी जीभ आणि क्रॉसिंग फळीच्या जोडावर कधीही येऊ द्यायचं नाही. म्हणून कापायचं सत्तरच्या आसपास. तुकडे असमान होतात, होऊ द्यावेत.

जोड हा या कलेतला सगळ्यात नाजूक भाग. नऊ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर दोन फळ्या केसभर सरकल्या तरी चाक उतरतं. नुसते नटबोल्ट फळ्या आवळून धरतात, जागेवर आणत नाहीत. जागेवर आणायला पितळी डॉवेल लागतात: एका फळीच्या कडेत खुंटी, दुसरीत तिच्या मापाची वाटी. कडेजवळचे रूळ फक्त गोंदाने चिकटवले तर ने-आणीत निघून येतात. त्यासाठी जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळाखाली पितळी स्क्रू बसवायचे, त्यांची डोकी रुळाच्या तळाला टेकवायची आणि रूळ त्यांना सोल्डर करायचे. फळ्या बोल्टने जोडलेल्या असताना रूळ सलग टाकायचे आणि मग बारीक पात्याने जोडावर कापायचे. हे काम घाईत करू नये. बाकी सगळं नंतर सुधारता येतं, हे येत नाही.

प्लाय मरीन घ्यावा आणि कापलेल्या कडांसकट सगळ्या बाजूंनी वॉर्निश मारावं. कोकणात आणि मुंबईत चार महिने हवेतच पाणी असतं. फळी फुगली की रूळही वाकतात.

विजेचं काम सोपं आहे. इंजिन एकच, तेव्हा बारा व्होल्टचा साधा कंट्रोलर पुरतो, डिजिटल यंत्रणेचा खर्च नको. मात्र शंटिंगमध्ये इंजिन मुंगीच्या पावलाने चालतं आणि अशा वेळी रुळांवरची धूळ लगेच जाणवते. सांध्याच्या क्रॉसिंगचा तुकडा धातूचा, वीज वाहणारा असावा, प्लास्टिकचा असला की आखूड इंजिन नेमकं त्याच्यावर थांबतं. वाघिणी सोडायला रुळांखाली चुंबक पुरून चालणारी केडीसारखी कपलिंग घ्यावीत. हाताने वाघिणी सोडायला लागलं की खेळातली मजा अर्धी होते.

देखाव्याबद्दल फार लिहीत नाही, तिथे ज्याची त्याची नजर. एक सांगतो: अलीकडचा रूळ जिथे संपतो तिथे पूल किंवा कडुलिंबाचं झाड टाकून टोक झाकावं, म्हणजे गाडी कुर्डुवाडी जंक्शनहून आली असं वाटायला जागा राहते. मागे जिनिंग मिलची भिंत, कापसाचे गठ्ठे, एक बैलगाडी. एवढ्याने फळी भरते.

मोठा लेआउट जवळून पाहायचा असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. ते जरूर पाहा, पण घरी येऊन त्याची नक्कल करायला बसू नका. पेकोसारखे रूळ बनवणारे आपल्या सांध्यांचे पूर्ण मापाचे आराखडे छापायला देतात. ते छापा, वर्तमानपत्रावर चिकटवा आणि जमिनीवर पसरा. पुठ्ठ्याच्या आठ वाघिणी आणि एक इंजिन कापा, चिठ्ठ्या काढा आणि आठवडाभर हाताने ढकलून खेळा. घरातल्या एखाद्या मुलालाही सोबत बसवा. आठवड्यानंतरही खेळावंसं वाटलं, तर प्लाय आणायला जा.