कुंडीतील वड आणि पिशवीतील रोप

पावसाळा सुरू झाला की गावोगाव वृक्षलागवडीची लगबग सुरू होते. १९५० साली त्या वेळचे केंद्रीय अन्न व शेतीमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाचा उपक्रम सुरू केला. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा झाडे लावण्याचा म्हणून देशभर पाळला जातो. खड्डे घेतले जातात, रोपे वाटली जातात आणि पहिल्या पावसात ती तरारतातही. परंतु पुढील वैशाखात त्याच बांधावरून कोणी गेले, तर कित्येक आळी रिकामी दिसतात. जी रोपे तगतात, त्यांतील काही चार-सहा वर्षांनी कारण न कळता खुरटतात, तर काही वादळात मुळासकट आडवी होतात. अशा वेळी दोष पावसाला, जमिनीला किंवा वाळवीला दिला जातो. वास्तविक पुष्कळदा तो दोष रोपाबरोबर पिशवीतूनच शेतात आलेला असतो.

हा दोष ओळखण्याचे शिक्षण थोड्या खर्चात घ्यावयाचे असेल, तर एक-दोन वर्षे दोन कामे जोडीने करून पाहावीत. पहिले काम म्हणजे बियांपासून शंभरएक रोपे स्वतः वाढविणे. दुसरे, एक वड उथळ कुंडीत जोपासणे. पहिले काम शेतकऱ्याच्या नित्याच्या उपयोगाचे आहे. दुसरे वरवर पाहता हौसेचे वाटते. तथापि झाडाच्या मुळांची ओळख करून देण्यात त्याची बरोबरी दुसरे कोणतेही काम करू शकत नाही.

बी ताजे हवे

नवशिक्याची पहिली निराशा बियांतूनच येते. वाफा उत्तम केला, पाणी वेळेवर दिले, तरी कोंब म्हणून दिसत नाही. याचे कारण असे की, सर्व झाडांचे बी धान्यासारखे कणगीत ठेवता येत नाही. निंबोळी मृगाच्या आगेमागे पिकून गळते. तिची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने कमी होते. म्हणून पिवळी झालेली निंबोळी गोळा करून, गर धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेरावी. जांभळाचे बी तर गर काढल्यावर लगोलग पेरणेच इष्ट. आंब्याची कोयही ताजी असतानाच घालावी. पाण्यात टाकल्यावर तरंगणाऱ्या कोया टाकून द्याव्यात व बुडणाऱ्या घ्याव्यात.

याउलट बाभळीचे बी वर्षानुवर्षे टिकते, पण त्याचे कवच इतके कठीण की ओलावा आत शिरत नाही. उकळलेले पाणी चुलीवरून उतरवून त्यात बी टाकावे व ते पाणी थंड होईपर्यंत तसेच ठेवावे, म्हणजे कवच मऊ पडते. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर लेंड्यांतून पडलेले बी चांगले उगवते, हे धनगरांना पूर्वीपासून माहीत आहे. चिंचोके एक दिवस पाण्यात भिजवून पेरल्यास उगवण लवकर व एकसारखी होते. सीताफळाच्या बियांना मात्र महिना किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. नवशिका पंधराव्या दिवशी माती उकरून पाहतो आणि नुकताच फुटलेला कोंब आपल्याच बोटाने मोडतो. धीर धरणे हाही रोपवाटिकेतील कामाचाच एक भाग आहे.

वाफा आणि माती

शेतातील काळी माती सुपीक खरी. परंतु ती तशीच पिशवीत भरल्यास ओली असताना चिकट होते आणि सुकताच आवळून भेगाळते. त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. यास्तव दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण चाळून घ्यावे. शेणखत अर्धवट कुजलेले असल्यास त्याबरोबर हुमणीच्या अळ्या येतात व त्या रोपांची मुळे कुरतडतात.

बारीक बियांसाठी ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा सोयीचा असतो. रुंदी यापेक्षा अधिक ठेवल्यास मधल्या रोपांची निंदणी करण्यासाठी वाफ्यात पाय टाकावा लागतो. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर, ओळीत व विरळ टाकावे. पाणी बारीक छिद्रांच्या झारीनेच द्यावे.

रोपे एका रात्रीत का कोलमडतात?

उगवण झाली, हिरवीगार ओळ दिसू लागली, की नवशिक्यास दुसरा धक्का बसतो. संध्याकाळी ताठ असलेली रोपे सकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली आढळतात. पाणी कमी पडले असावे या समजुतीने तो आणखी पाणी घालतो आणि उरलेली रोपेही गमावतो. हा कोलमड रोग होय. जमिनीतील बुरशी दाट पेरणीत, कोंदट सावलीत व सतत ओल्या राहिलेल्या मातीत बळावते व रोपाचा देठ मातीच्या पातळीवर कुजविते.

यावर उपचारापेक्षा प्रतिबंध सोपा आहे. उन्हाळ्यात वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चार ते सहा आठवडे घट्ट पसरून ठेवल्यास उन्हाच्या उष्णतेने पुष्कळशी बुरशी मरते. पेरणीपूर्वी शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळावी. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत पृष्ठभाग सुकतो. रोग दिसताच पाणी थांबवावे, पडलेली रोपे मातीसह काढून टाकावीत आणि शिफारस केलेले ताम्रयुक्त बुरशीनाशक वेष्टनावरील प्रमाणातच ओतावे.

जमिनीखाली काय चालते?

पाने दिसतात, मूळ दिसत नाही; म्हणून सारी काळजी पानांचीच घेतली जाते. वास्तविक चिंच, आंबा, बोर, निंब यांसारख्या झाडांचे सोटमूळ पानांच्या आधी व पानांपेक्षा वेगाने वाढते. पिशवीच्या तळाशी पोचल्यावर त्याला दोनच वाटा उरतात. एक, छिद्रातून बाहेर पडून खालच्या जमिनीत शिरणे. दुसरी, तळाशी वेटोळे घालणे. पहिल्या प्रकारात पिशवी उचलताच मुख्य मूळ तुटते व रोप माना टाकते. दुसऱ्या प्रकारात रोप उत्तम दिसते, आणि म्हणूनच तो प्रकार अधिक घातक आहे. वेटोळे तसेच जमिनीत गेले की मूळ जाड होत जाते, पण सरळ खाली उतरत नाही. काही वर्षांनी ही मुळे एकमेकांना आवळतात, झाडाला खोल ओल मिळत नाही, आणि जोराच्या वाऱ्यात ते उन्मळते. तोपर्यंत शेतकऱ्याची कित्येक वर्षे व एका झाडाची जागा वाया गेलेली असते.

हे टाळण्यासाठी पिशव्यांची जागा दर महिन्यास बदलावी व बाहेर आलेली मुळे धारदार कात्रीने छाटावीत. रोप पिशवीत गरजेपेक्षा अधिक दिवस ठेवू नये. पाऊस लांबला व रोप वाढले, तर ते मोठ्या पिशवीत हलवावे. बोरासारख्या झाडाचे सोटमूळ जागा बदलणे सहन करीत नाही. कोरडवाहू भागात त्याचे बी कायमच्या जागीच पेरून त्यावर डोळा भरणे श्रेयस्कर ठरते.

मुळांचे महत्त्व चंदनात फारच स्पष्ट दिसते. चंदनाचे रोप आपली मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांना जोडून त्यातून पाणी व पोषकद्रव्यांचा काही भाग घेते. एकटे वाढविलेले रोप काही महिन्यांत पिवळे पडते. नवशिका त्याला खतावर खत देतो, पण त्याच पिशवीत तुरीचा दाणा टोकला असता ते रोप पालवते.

कुंडीतील वडाची शिकवण

बोन्साय हा जपानी शब्द आहे. त्याचा अर्थ उथळ पात्रातील लागवड असा होतो. ही कला चीनमधून जपानमध्ये गेली. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील काही जाणकार माळी शहर सोडून ओमिया येथे गेले व तेथे १९२५ मध्ये बोन्सायची स्वतंत्र वस्ती वसली. मराठीत अशा झाडास वामनवृक्ष म्हणतात.

या झाडाविषयी पहिला गैरसमज बियांचा असतो. बोन्सायचे वेगळे बी नसते. त्या नावाने बी विकले जात असल्यास ते नेहमीच्याच झाडाचे असते. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, तरी तो पारंब्यांच्या आधारावर आजही विस्तारलेला आहे. त्याच जातीचा वड हातभर उंचीत राहतो, तो केवळ मुळे व शेंडे यांच्या नियमित छाटणीमुळे. जमिनीत लावल्यास तोही मोठा होऊ लागतो. त्याची पाने लहान होतात. फळांचा आकार मात्र तितकाच राहतो.

दुसरा गैरसमज घाईचा. कोवळे रोप पहिल्याच वर्षी उथळ कुंडीत लावले जाते व त्याचे खोड काडीसारखे राहते. खोड जाड होण्यासाठी मुळांना प्रथम मोकळीक लागते. जुन्या भिंतीच्या किंवा विहिरीच्या कडेच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेले वडाचे रोप पावसाळ्यात अलगद काढावे, किंवा अंगठ्याएवढ्या जाडीचे छाट लावावे. ते दोन-तीन वर्षे जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत वाढवावे. लावताना बुडाशी फरशीचा तुकडा ठेवल्यास सोटमूळ खाली न जाता मुळे चहूबाजूंनी पसरतात. त्यानंतर तसराळेवजा कुंडीत हलवावे. कुंडीस पाणी निघून जाण्याची छिद्रे हवीत व त्यांवर जाळी बसवावी. मातीत चाळलेले विटांचे बारीक तुकडे व भरड वाळू भरपूर असावी.

तिसरी चूक म्हणजे हे झाड शोभेची वस्तू समजून घरात ठेवणे. वडाला ऊन हवेच. उथळ मातीत ओल टिकत नाही, म्हणून चैत्र-वैशाखात दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते. पावसाळ्यात बोटाने माती चाचपून मगच द्यावे. फांदीस वळण देण्यासाठी बांधलेली तार पावसाळ्यात काही आठवड्यांतच सालीत रुतते. ती उलगडून न काढता तुकडे करून काढावी, म्हणजे फांदी मोडत नाही.

खरी शाळा भरते ती दुसऱ्या वर्षी, झाड कुंडीतून बाहेर काढल्यावर. कुंडीच्या आकाराचा मुळांचा गच्च जाळीदार साचा हातात येतो. कडेने फिरलेली, एकमेकांवरून गेलेली मुळे डोळ्यांना दिसतात. ती काडीने सोडवून, एक-तृतीयांशापेक्षा अधिक नाही इतकी छाटून, ताज्या मातीत झाड पुन्हा बसवायचे असते. पावसाळ्याच्या तोंडाशी हे काम केल्यास थोड्याच दिवसांत नवी पालवी येते. कापलेले मूळ नवी तंतुमुळे फोडते व वेटोळे घातलेले मूळ झाडाला आवळते, ही गोष्ट ज्याने एकदा पाहिली तो पिशवीतील रोपाकडे पूर्वीच्या नजरेने पाहत नाही.

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पाइनचे झाड आहे. १६२५ पासून ते कुंडीत जोपासले गेले, हिरोशिमावर १९४५ साली पडलेल्या अणुबाँबमधून वाचले आणि १९७६ मध्ये जपानने ते अमेरिकेस भेट दिले. मूठभर मातीत एखादे झाड इतकी वर्षे जगू शकते, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी त्याची मुळे वेळेवर तपासलेली असतात. आपल्या शेतातील झाडाला असे वारंवार तपासणे शक्य नाही. त्याची मुळे पाहण्याची संधी एकदाच मिळते, आणि ती म्हणजे लागवडीचा दिवस.

लागवडीच्या दिवशी

रोप विकत घेताना उंच रोपाचा मोह होतो. त्याच किमतीत दुप्पट उंचीचे रोप मिळते म्हणून ते निवडले जाते. लहान पिशवीतील फार उंच रोप हे बहुधा मागील वर्षी न खपलेले असते व त्याच्या मुळांनी वेटोळे घातलेले असते. बेताच्या उंचीचे, जाड बुंध्याचे, निरोगी पानांचे रोप केव्हाही चांगले. फळझाडांची रोपे व कलमे परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत. ज्यांना ती विक्रीसाठी तयार करावयाची असतील, त्यांनी १९६९ च्या महाराष्ट्र फळरोपवाटिका कायद्याखाली परवाना घेण्याबाबत तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी.

लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे सावली व पाणी हळूहळू कमी करून रोपे काटक करावीत. चांगला भिजपाऊस झाल्यावर पिशवी बाजूने उभी चिरावी व प्लॅस्टिक पूर्ण काढून घ्यावे. मातीचा गोळा फुटू देऊ नये. तळाशी वेटोळे दिसल्यास तेवढा भाग कापून टाकावा. मुळे सबंध गोळ्याभोवती गुंडाळलेली असतील, तर ते रोप कितीही हिरवे असले तरी बाजूस ठेवावे. कलमाचा जोड मातीच्या वर राहील असे पाहावे, काठीचा आधार द्यावा व आळ्यात पालापाचोळा पसरावा.

रोपांचा साठा गावात आला की वाटपापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाणाच्या ढिगातील दोन-तीन पिशव्या शेतकऱ्यांसमक्ष फाडून मुळे पाहावीत. त्यासाठी दोन-तीन रोपांचे नुकसान झाले तरी चालेल. सदोष मुळांचे रोप नाकारले तर शेतकऱ्याचा एक पावसाळा जाईल. ते लावले तर त्याची दहा वर्षे जाऊ शकतात.