बिल कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, दर महिन्याला येणाऱ्या बिलांवर नाव कुणाचे असते, हे आपल्यापैकी किती जणी निरखून पाहतात? आकडा पाहायचा, कपाळाला हात लावायचा आणि पैसे भरून मोकळे व्हायचे! मीही त्यातलीच. पण गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, चार महिने राहून आले आणि शेजारच्या माईंमुळे माझे डोळे उघडले.

माई मूळच्या कऱ्हाडच्या. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेल्या. होजिअरीच्या कारखान्यात शिवणाच्या मशीनवर बसून त्यांनी संसाराला हातभार लावला. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. आता पेन्शनवर एकट्याच राहतात. रोज दुपारी कऱ्हाडच्या धाकट्या बहिणीशी व्हिडिओवर बोलायचे, एवढाच विरंगुळा. फोन आणि इंटरनेट मिळून बिल महिन्याला 41 पौंड, म्हणजे आपले चार हजारांच्या वर! "थंडीत हीटर लावायचा की बहिणीचं तोंड बघायचं, असा प्रश्न पडतो गं," असे त्या सहज बोलून गेल्या आणि माझ्या पोटात कालवले.

लेकीने चौकशी केली. तिकडे बऱ्याच इंटरनेट कंपन्यांची कमी उत्पन्नाच्या घरांसाठी सवलतीची योजना असते. तिला 'सोशल टॅरिफ' म्हणतात. 'युनिव्हर्सल क्रेडिट' किंवा 'पेन्शन क्रेडिट' यांसारखी सरकारी मदत ज्यांना मिळते त्यांच्यासाठी ती असते. नुसते म्हातारपणाचे पेन्शन असून भागत नाही. माईंना पेन्शन क्रेडिट मिळत होते. म्हणजे हक्क होताच, पण सांगितले कुणी नव्हते! आणि अशा त्या एकट्याच नव्हेत. 'ऑफकॉम' या तिथल्या नियामक संस्थेने 2022 च्या फेब्रुवारीत जाहीर केले, की सुमारे 42 लाख घरे पात्र असताना सवलत घेणारी घरे जेमतेम 55 हजार आहेत. 2023 मध्ये ती 2 लाख 20 हजारांवर गेली, तरी शंभरातली पाचच!

आम्हाला वाटले, एक फोन केला की झाले काम. कसचे काय! "खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच बोलायला सांगा," पलीकडची मुलगी म्हणाली. माई म्हणाल्या, "ते आता कुठून बोलणार, बाई?"

गोम इथेच होती. सरकारी मदत माईंच्या नावावर आणि खाते यजमानांच्या. नावे जुळेनात, म्हणून सवलत नाही. दुसऱ्या वेळी सांगण्यात आले, हे खाते बंद करा, नवे उघडा. पण फोनचा जुना नंबर राहील याची खात्री नाही. चाळीस वर्षांचा नंबर! बहिणीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर लिहिलेला. तिसरा म्हणाला, मुदतीआधी कंपनी सोडलीत तर दंड पडेल. त्याच कंपनीच्या सवलतीच्या योजनेत जायला मात्र सहसा दंड पडत नाही, हे त्याने सांगितलेच नाही. "जाऊ दे. भरत राहीन 41 पौंड," माई म्हणाल्या. मैत्रिणींनो, नेमके इथेच आपण हरतो!

लेक मात्र हटली नाही. तिने मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवून आधी खाते माईंच्या नावावर करून घेतले, नंबर तोच राहील हे लेखी मागून घेतले आणि मगच सवलतीचा अर्ज भरला. सहा आठवडे गेले, नऊ फोन झाले. पण बिल आले 15 पौंडांचे. माईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. आकड्यासाठी नव्हे, वर छापलेल्या आपल्या नावासाठी!

परत आल्यावर मी आमच्या घरातली फाइल काढली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सर्वांत वडील स्त्री कुटुंबप्रमुख ठरते. 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतला गॅसही बाईच्याच नावावर मिळतो. पण आमचे विजेचे बिल ह्यांच्या नावावर, इंटरनेट ह्यांच्या नावावर आणि ओटीपी येतो तोही ह्यांच्याच मोबाइलवर! हे म्हणाले, "माझ्या मरणाची तयारी चाललीय की काय?" म्हटले, "नाही हो, दोघांच्याही सोयीची चाललीय."

तुम्हीही एवढे कराच:

1. प्रत्येक बिलावरचे नाव, ग्राहक क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल नंबर एका वहीत लिहून ठेवा.

2. एखादे तरी खाते स्वतःच्या नावावर करून घ्या. आधारवर आणि बिलावर नावाचे स्पेलिंग सारखे आहे ना, तेही पाहा.

3. 'यापेक्षा स्वस्त योजना आहे का? मुदत किती? मध्येच बदलली तर दंड किती?' हे तीन प्रश्न वर्षातून एकदा तरी विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत!

4. फोनवर जे सांगतील ते तारखेसह टिपून ठेवा आणि महत्त्वाचे असेल ते लेखी मागा.

5. पहिल्या नकाराला 'जाऊ दे' म्हणू नका.

तर मग आज दुपारची कामे आटोपली, की ती फाइल काढाच. चहा घेता घेता होण्यासारखे काम आहे. आणि शेजारी एखाद्या माई एकट्या राहत असतील, तर त्यांचेही बिल जरा पाहून या.