सेट जिथे, बाई तिथे
('मालिकेच्या आत' : लेखांक 7)

गेल्या लेखात रोजचा भाग कसा लिहिला जातो ते पाहिलं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि शेवटचा शब्द चॅनलचा. आज त्या भागातल्या बाईकडे वळू. तिच्याबद्दलच्या तक्रारी आपल्याला पाठ आहेत: सोशिक सून, खाष्ट सासू, केस मोकळे सोडलेली ती 'दुसरी'. तक्रारी खोट्या नाहीत, पण करून करून गुळगुळीत झाल्यात. त्यापेक्षा एक साधी गोष्ट बघू. ही बाई पडद्यावर उभी कुठे असते?

कुर्ल्यात राहणाऱ्याला हा प्रश्न सकाळीच पडतो. हार्बरच्या गाडीतून उतरून मेन लाइनची गाडी पकडायला पुलावर धावणाऱ्या बायका बघा. कुणी बँकेत, कुणी मॉलच्या काउंटरवर, कुणी पालिकेच्या शाळेत, कुणी रात्रपाळी करून परत निघालेली नर्स, कुणी बीकेसीच्या काचेच्या इमारती पुसणारी. संध्याकाळी ह्याच बायका परतताना लेडीज डब्यात मेथी निवडतात, मटार सोलतात, भिशीचे हिशेब करतात आणि काल कोण काय म्हणालं ह्यावर वादही घालतात. 'काल'मधलं ते कोण म्हणजे बहुतेक वेळा मालिकेतलंच कुणीतरी. मुंबईत 1992 पासून खास बायकांची लोकल धावते. आणि मुंबईत घडणाऱ्या मालिकांतली नायिका मात्र लोकलमध्ये चढत नाही. फार तर पावसात बॅग घेऊन घराबाहेर पडते आणि रिक्षाला हात करते.

ह्याचं पहिलं कारण विचारांशी नाही, प्लायवूडशी संबंधित आहे. रोजची मालिका म्हणजे आठवड्याचे सहा, हल्ली काही वेळा सातही दिवस, दर दिवशी वीस-बावीस मिनिटं. तेवढा मजकूर रोज चित्रित करायचा तर सगळं हाताशी लागतं. म्हणून एकदा घर उभं करायचं: दिवाणखाना, त्यातून वर जाणारा जिना, देवघर, दोन-तीन बेडरूम, फाटक आणि भलंमोठं स्वयंपाकघर. दिवे टांगलेलेच राहतात, कॅमेऱ्यांच्या जागा ठरून जातात. ह्या घरात एका दिवसात कितीतरी सीन उरकतात. स्टेशनवर चित्रीकरण करायचं म्हणजे रेल्वेची परवानगी, भाडं, गर्दी आवरायला माणसं, आणि वर गाडीच्या भोंग्यात बुडालेले संवाद. अख्खा दिवस जाऊन हाती दोन सीन. निर्माता हिशेब करतो आणि नायिकेला घरी ठेवतो. तिचा स्वभाव लिहिला जाण्याआधी तिची जागा ठरलेली असते.

घरात ठेवलं की मग तिला काहीतरी करायला द्यावं लागतं. ती भाजी चिरते, ताट वाढते, दिवा लावते, दाराआडून ऐकते. भांडण व्हायचं तर माणसं घरातलीच, म्हणजे सासू, जाऊ, नणंद. पुरुष सकाळी बॅग घेऊन फ्रेमबाहेर जातो. तो ऑफिसात काय करतो हे आपल्याला कळत नाही, कारण ऑफिसचा सेट छोटा आणि महागाचा. बाई बाईची वैरी असते हा आपल्या मालिकांचा आवडता सिद्धांत बऱ्याच अंशी ह्या वाटणीतून निघालाय असं मला वाटतं. ज्याच्याशी खरं भांडायला हवं तो दिवसभर सेटवरच नसतो.

दुसरं कारण समजायला नेहरूनगरच्या म्हाडा वसाहतीतल्या कुठल्याही जुन्या घरात संध्याकाळी साडेसातला डोकवावं. टीव्ही आणि ओटा ह्यांत चार पावलांचं अंतर. घरातली बाई टीव्हीकडे पाठ करून उभी आहे. एका हाताने पोळी उलटतेय, पोराला गृहपाठावरून ओरडतेय, आणि मालिका 'बघतेय'. खरं तर ऐकतेय. कुकरच्या शिट्टीत एखादं वाक्य बुडालं तर बिघडत नाही, कारण ते वाक्य पुन्हा येणार हे तिला ठाऊक आहे. 'काय? तू हे घर सोडून चाललीस?' असं तिघं जण तीनदा विचारतात, दर वेळी ढोल बडवला जातो, मग कुठे ती मान वळवते. आकाशवाणीवरचं 'पुन्हा प्रपंच' ऐकत घरं आवरली जायची, टेकाडे भावजी आणि मीनावहिनी कानांवरूनच ओळखीचे झाले होते, त्याच सवयीवर मालिकेने आपलं घर बांधलंय. असा अर्धं लक्ष देणारा प्रेक्षक असला की पात्र दोन सेकंदांत ओळखू यायला हवं. साडी, टिकली, लांब मंगळसूत्र म्हणजे आपली. बिनबाह्यांचा ब्लाउज, इंग्रजी शब्द, ठसक्यात बोलणं म्हणजे ती. साचा हा इथे आळशीपणा असतोच, पण तो पाटीचंही काम करतो. 'रंग माझा वेगळा'मध्ये तर ही पाटी चेहऱ्यावरच रंगवली होती: सावळ्या मुलीची गोष्ट सांगायला उजळ नटीला काळा मेकअप.

सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. 1985 साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची 'रजनी' लागायची. मालिका हिंदी, पण रजनी झालेली प्रिया तेंडुलकर आपल्या मुंबईची. तिचं भांडण सुरू व्हायचं ते घरातच, म्हणजे गॅसच्या सिलिंडरवरून वगैरे. पण ते घेऊन ती बाहेर जाऊन धडकायची. आजच्या मालिकेच्या स्वयंपाकघरात सिलिंडर कधी संपत नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर 'दामिनी' आली, तिच्यात प्रतीक्षा लोणकर पत्रकार होती. 1999 साली अल्फा मराठी सुरू झाली आणि 'आभाळमाया'तल्या सुधा जोशीच्या रूपात सुकन्या कुलकर्णी प्राध्यापक म्हणून घराघरात गेली. नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण सुधाच्याही वाट्याला आलं, पण तिची ओळख त्या प्रकरणावर संपली नाही. 2003 च्या 'वादळवाट'मधली रमा चौधरी वकील. पण ह्याच काळात चित्र पालटत होतं. 2000 च्या जुलैत हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे'. ती 3 हजारांहून जास्त भाग चालली. एका घरावर अकरा वर्षं निघू शकतात हे एकदा कळल्यावर दामिनीला वार्तांकनाला कोण पाठवणार?

आता एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण त्यात सगळं सापडतं. 2019 साली झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली. विधवा सासूचं, आसावरीचं, सून लग्न लावून देते ही तिची कल्पना. निवेदिता सराफ सासू, तेजश्री प्रधान सून शुभ्रा, आणि नवरदेव अभिजीत राजे म्हणजे गिरीश ओक. सासू-सून वैर मोडलं, पन्नाशीच्या बाईला प्रेम करू दिलं, हे मराठी टीव्हीवर लहान काम नव्हतं. मालिका मी आवडीने पाहिली. पण दोन गोष्टी बघा. अभिजीत राजे शेफ आहे. तो रांधतो तेव्हा टाळ्या पडतात, तो उत्तम स्वयंपाक करतो म्हणून तो वेगळा पुरुष ठरतो. आसावरी जन्मभर रांधत आलेली, ती नुसतीच आसावरी. दुसरी गोष्ट बबड्या. आईने लाडावून वाया घालवलेला हा मुलगा 2020 च्या टाळेबंदीत इतका गाजला की ऐतखाऊ पोराला बबड्या म्हणायची रीतच पडली. चाळीचाळींतून, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर बबड्याचे विनोद फिरले. त्या विनोदांत राग बबड्यावर कमी आणि आसावरीवर जास्त निघायचा. पोरगा बिघडला तो आईमुळे, असं प्रेक्षकांनी ठरवून टाकलं, आणि मालिकेने त्यांना अडवलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. 2021 साली तिचा दुसरा भाग 'अग्गंबाई सूनबाई' आला. आता आसावरी ऑफिसात, कंपनीची सूत्रं तिच्या हाती. छान. पण मग स्वयंपाकघराच्या सेटवर कुणी उभं राहायचं? तिथे शुभ्रा आली. जिने सासूला बाहेर काढलं, तीच आत्मविश्वास गमावलेली, मुलाच्या मागे धावणारी घरातली बाई झाली. नटीही बदलली, उमा पेंढारकर आली. मालिका काही महिन्यांतच गुंडाळावी लागली. एका बाईने ओटा सोडला की दुसरीला तिथे लावायचं, बबड्याला नाही. इतका साधा पर्याय पटकथेच्या टेबलावर कुणाला सुचला नसेल असं नाही.

बाई कमावती होते तेव्हाही ओट्याची दोरी सुटत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका सुभेदार वऱ्हाडी बोलणारी, साधी, नवऱ्याने फसवलेली. अनिता दातेने ती अशी उभी केली की लोक तिच्या बाजूने हिरिरीने भांडले. ती मसाले करू लागली आणि बघता बघता 300 कोटींच्या कंपनीची मालकीण झाली. लोक हसले, पण हसण्यासारखं त्यात आकडा एवढंच नव्हतं. कर्ज कुणी दिलं, माल कुठे साठवला, कामाला बायका किती, त्यांना पगार किती? ह्याच मुंबईत 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या पाशात अडकलेल्या त्या बायका राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात गेल्या, कागदांवर सह्या-अंगठे केले, कर्ज घेतलं आणि फेडलं. त्याही पोळ्याच लाटत होत्या. पण त्यांच्या गोष्टीत बँक आहे, व्याज आहे, शेजारणीने घेतलेली हमी आहे. राधिकाच्या गोष्टीत हे सगळं दोन सीनच्या मधल्या फटीत पडून गेलं. कुर्ल्यात स्वदेशी मिलच्या आसपास वाढलेल्या कुणाही बाईला अशा खानावळींबद्दल विचारा, ती मालिकेच्या दहा भागांचा ऐवज उभ्या उभ्या सांगेल.

'आई कुठे काय करते' (2019 ते 2024) ह्या बाबतीत जास्त शहाणी होती. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती घटस्फोट घेते, गाते, वेगळी राहते. नवऱ्याची मैत्रीण संजना ऑफिसातली, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने खलनायिकाच. पण लग्न करून ती त्याच घरात आल्यावर हळूहळू अरुंधतीच्याच जागी जाऊन उभी राहते, तिलाही ऐकून घ्यावं लागतं, आणि मालिका तिच्याविषयी कळवळा दाखवते. हे मला फार मोलाचं वाटलं. तरी अरुंधतीच्या नव्या आयुष्याला टेकू दिला तो आशुतोष केळकरने, म्हणजे श्रीमंत, समजूतदार, जुन्या मित्राने. घर सोडणाऱ्या बाईला दुसरं घर लगेच तयार असतं. आमच्याकडे घर सोडणारी बाई आधी डिपॉझिटचा विचार करते.

पुरुषांचं थोडक्यात. त्यांचेही साचेच आहेत, फक्त त्यांची चर्चा होत नाही. एक राधिकाचा नवरा गुरुनाथ किंवा अरुंधतीचा नवरा अनिरुद्ध, लबाड. एक बबड्या. आणि चांगला पुरुष हवा असेल तर तो गर्भश्रीमंत तरी असतो, नाहीतर भाबडा. 'तुझ्यात जीव रंगला'मधला पैलवान राणा बाईचा मान राखतो, कारण तो लहान मुलासारखा निरागस आहे. विचार करून, स्वतःशी भांडून बदललेला पुरुष जवळजवळ सापडत नाही.

जवळजवळ म्हटलं, कारण एक आहे. 2012 च्या 'उंच माझा झोका'मध्ये सेट वाड्याचाच होता. स्वयंपाकघर, माजघर, सोवळंओवळं, टोमणे मारणाऱ्या बायका, सगळा नेहमीचा सरंजाम. पण त्या माजघरात भांडण अक्षरांवरून होतं: रमाने शिकायचं की नाही. आणि तिचे पती न्यायमूर्ती रानडे, विक्रम गायकवाडने केलेले, आपल्याच घरातल्यांशी कधी नमतं घेत, कधी अडून बसत दिसतात. म्हणजे प्लायवूडला सगळा दोष देऊन भागणार नाही. त्याच भिंतींत दुसरं भांडण बसतं, आणि ते लोकांनी पाहिलंही.

मग ते वारंवार का होत नाही? गुरुवारमुळे. कोणती मालिका किती बघितली जाते ते मोजणाऱ्या बार्कचे आकडे दर गुरुवारी येतात. देशभरात निवडक घरांत मीटर बसवलेत; घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण दिलेलं असतं, जो बघतोय त्याने आपलं दाबायचं. ओट्याशी टीव्हीकडे पाठ करून उभ्या असलेल्या बाईचं बटण दाबलेलं असलं की ती बघतेय अशी नोंद होते. तिला काय बघायला आवडलं असतं हे विचारणारं बटण त्या यंत्रात नाही. सोनी मराठीवर 2020 साली 'सावित्रीजोती' आली. अश्विनी कासार सावित्रीबाई, ओंकार गोवर्धन जोतिराव, संशोधनाला हरी नरके. आकडे आले नाहीत आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती बंद झाली. पुढे तोच ओंकार गोवर्धन महाराष्ट्राच्या घराघरात पोचला तो अरुंधतीचा आशुतोष होऊन.

अरुंधती मुळात बंगालीतली श्रीमोयी, आणि हिंदीत जाऊन ती अनुपमा झाली. एकच बाई भाषा बदलताना काय काय टाकून देते आणि काय अंगावर चढवते, ते पुढच्या आठवड्यात.