आधी कपाट उघडा, मग कन्सोल घ्या

‘पप्पा, त्यात सिनेमेही बघता येतात.’ गेमिंग कन्सोलसाठी घरात पैसे मागताना मुलांचा हा शेवटचा आणि हमखास लागू पडणारा मुद्दा असतो. पन्नास हजारांचं खेळणं घ्यायला नकार देणारा बाप सगळ्या घराला सिनेमा दाखवणारं यंत्र घ्यायला तयार होतो. वसई, नालासोपारा, विरारच्या कितीतरी घरांत दिवाळीच्या तोंडावर हेच बोलणं चालतं. मुलांचा मुद्दा खोटा नाही, पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा दुकानदारही सांगत नाही.

या मुद्द्याला जुना इतिहास आहे. २००० साली जपानात प्लेस्टेशन टू आला तेव्हा अनेकांनी तो डीव्हीडी प्लेअर म्हणूनच घेतला. २००६ मध्ये प्लेस्टेशन थ्रीने ब्लू-रे घरात आणली. तेव्हा अमेरिकेत सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर हजार डॉलरला होता आणि हा कन्सोल पाचशेपासून मिळत होता. सिनेमावेड्या माणसाने, एकही गेम न खेळता, कन्सोल घेणं हेच त्या वेळी शहाणपणाचं होतं. तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये आपली एचडी डीव्हीडी मागे घेतली आणि ब्लू-रे जिंकली, त्यात या कन्सोलचा वाटा मोठा होता. ‘कन्सोल म्हणजे सगळं काही चालवणारं यंत्र’ हा समज त्या काळातला. आज तो तसाच्या तसा धरून चालणार नाही.

मुळात सगळ्याच कन्सोलना आता डिस्क घालायची फट असते असं नाही. प्लेस्टेशन फाइव्ह भारतात २०२१ मध्ये आला तो दोन प्रकारांत. डिस्कवाला ४९,९९० रुपयांना, आणि ‘डिजिटल एडिशन’ ३९,९९० रुपयांना. दहा हजार वाचले म्हणून खूश होणाऱ्याने सिनेमाची डिस्क कायमची गमावली. नंतरच्या स्लिम मॉडेलला ड्राइव्ह वेगळा जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच. प्लेस्टेशन फाइव्ह प्रो हा महागडा कन्सोल ड्राइव्हशिवाय येतो. एक्सबॉक्समध्येही सिरीज एसला फट नाही, सिरीज एक्सच्या मूळ मॉडेलला आहे. तेव्हा खोक्यावरचं चित्र बघून ठरवू नका, काउंटरवर स्पष्ट विचारा. जुना, वापरलेला प्लेस्टेशन फोर स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की तो साधी ब्लू-रे दाखवतो, फोर-के डिस्क दाखवत नाही. त्याचं प्रो मॉडेलही नाही.

आता चित्राचा प्रश्न. फोर-के सिनेमा स्ट्रीमिंग ॲपवरही मिळतो, मग डिस्क कशाला? फरक माहितीच्या ओघात आहे. नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं धरतं. फोर-के ब्लू-रेमधून सेकंदाला शंभर मेगाबिटपर्यंत, कधी त्याहून जास्त माहिती येते. अंधारातला प्रसंग, पाऊस, धूर, समुद्राचं पाणी अशा जागी स्ट्रीमिंगचं चित्र चौकोनाचौकोनांत फुटतं, डिस्कवर ते अखंड राहतं. आवाजाचा फरक तर डोळे मिटूनही कळतो. शिवाय इथे पावसाळ्यात केबल तुटली की इंटरनेट दोन-दोन दिवस येत नाही. डिस्कला त्याची पर्वा नसते.

हे चित्र कन्सोलवर बघावं की खास प्लेअरवर? प्लेस्टेशन फाइव्ह आणि सिरीज एक्स दोन्ही फोर-के डिस्क उत्तम दाखवतात, पण डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन दोघांनाही जमत नाही. प्रत्येक दृश्यानुसार उजेड आणि रंग बदलणारी ही पद्धत पॅनासॉनिक, सोनीच्या खास प्लेअरवर चालते. मात्र तुमचा टीव्ही सॅमसंगचा असेल तर त्यालाच डॉल्बी व्हिजन नसतं, म्हणजे हा मुद्दा तुमच्यापुरता संपला. खास प्लेअर कमी वीज खातो, पंख्याचा आवाज करत नाही, आणि त्याला साधा रिमोट असतो. घरातल्या आजीला सिनेमा थांबवायचा असेल तर तिच्या हातात गेमचा कंट्रोलर देऊन काय उपयोग? अडचण एवढीच की असे प्लेअर मिळेनासे होत चाललेत. ऑपोने २०१८ मध्ये हा धंदा सोडला, पुढच्या वर्षी सॅमसंगने, नंतर एलजीनेही. स्टेशनजवळच्या दुकानात फोर-के प्लेअर मागून बघा, बहुतेक ठिकाणी मान हलते. म्हणून माझं मत सरळ आहे. घरात गेम खेळले जाणार असतील तर ड्राइव्हवाला कन्सोल घ्या, फोर-के सिनेमासाठी तो पुरे. खेळणारं कोणी नसेल तर निव्वळ सिनेमासाठी कन्सोल घेऊ नका.

आखातात माणसं असलेल्या आपल्या घरांसाठी एक वेगळी सूचना. भाऊ दुबईहून किंवा मस्कतहून कन्सोल आणतो, स्वस्त पडतो, गेमही सगळे चालतात. पण सिनेमाच्या डिस्कवर प्रदेशाचं कुलूप असतं. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या प्रदेशात, आखात दुसऱ्यात. ब्लू-रेसाठी आपण ‘सी’, ते ‘बी’ आणि अमेरिका ‘ए’. तिकडचा कन्सोल इकडची कुलूपबंद डिस्क नाकारू शकतो, आणि इकडचा कन्सोल न्यू जर्सीच्या मावशीने पाठवलेली डिस्क. फक्त फोर-के डिस्कला हे कुलूप नसतं.

इथपर्यंतची चर्चा नव्या डिस्कची झाली. वसईच्या घरात खरोखर कोणत्या डिस्क आहेत? शोकेसचा खालचा खण उघडा. तिथे व्हीसीडी निघतील. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली तेव्हा स्टेशनबाहेरून भाजीबरोबर सिनेमा घरी येऊ लागला. मराठी नाटकं, भक्तिगीतं, जुने चित्रपट दोन-दोन, तीन-तीन चकत्यांवर आले. ती कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली, चकत्या राहिल्या. आणि त्यांच्या खाली, प्लास्टिकच्या जाड डबीत, नवरानवरीचा फोटो छापलेली लग्नाची डिस्क असते.

ही डिस्क व्हीसीडी असेल तर नवा प्लेस्टेशन ती वाचत नाही. कारण साधं आहे. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल आणि ब्लू-रेला ४०५ चा निळसर जांभळा. प्लेस्टेशन फोर आणि फाइव्ह सीडी वाचतच नाहीत. व्हीसीडी ही घडणीने सीडीच, म्हणून तीही बाद. लग्न डीव्हीडीवर असेल तर बहुधा चालेल, पण फोटोग्राफरने शेवटी ती ‘फायनलाइज’, म्हणजे इतर यंत्रांवर चालेल अशी बंद केलेली असेल तरच.

या डिस्कबद्दल मला काकुळतीने सांगावंसं वाटतं. वसईच्या लग्नाच्या व्हिडिओत नवरानवरीपेक्षा मोठं काहीतरी साठलेलं आहे. उंबराच्या पाण्याच्या विधीला निघालेला बँड, लाल लुगड्यातल्या आज्या, मांडवाखाली बसून कादोडी किंवा वाडवळी बोलीत चाललेली चेष्टामस्करी, आता इमारत उभी राहिलेल्या जागेवरची वाडी आणि तिच्यातली विहीर. आजीचा चालता-बोलता आवाज जगात फक्त त्या चकतीवर असेल. नव्या पिढीतली मुलं घरात या बोली कमी बोलतात. कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर हे सापडणार नाही. आणि घरी लिहिलेली चकती कारखान्यात छापलेल्या चकतीपेक्षा नाजूक असते. तिच्यात माहिती धरून ठेवणारा रंगाचा थर असतो, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो विटतो. समुद्राकाठच्या आपल्या हवेत तो जास्त दिवस टिकेल अशी आशा धरू नका.

म्हणून जुना डीव्हीडी प्लेअर भंगारवाल्याला देऊ नका. नसेल तर साधा, एचडीएमआय असलेला प्लेअर घ्या, कारण लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरची जागा नव्या टीव्हीवर कधी कधी नसतेच. त्यावर व्हीसीडी, एमपीथ्री सीडी, डीव्हीडी सगळं चालतं. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, तेव्हा ५५ इंची टीव्हीवर ते धूसर दिसणार. थोडं मागे सरकून बसा.

सोबत संगणकाला यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, दोन-तीन हजारांत येतो. चकती मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून पुसू नका. व्हीसीडी उघडली की ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये मोठी ‘डॅट’ फाइल दिसेल, ती तशीच उचलून संगणकावर ठेवा. व्हीएलसीवर ती चालते. डीव्हीडीतला ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर अख्खा घ्या. चकती मध्येच अडखळली तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, एकाला न वाचलेली चकती दुसरा वाचतो असं बरेचदा होतं. मग या फाइलींच्या दोन प्रती करा आणि दोन्ही एकाच घरात ठेवू नका. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपारा, वसईच्या तळमजल्यांवर पाणी शिरलं होतं, तेव्हा दुसरी प्रत वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकाकडे द्या, किंवा त्या दुबईच्या भावाकडेच पाठवा.