फणसाडच्या रानात गरुड आणि साप

हमरापूरच्या गुरुजींनो, यंदा मुलांची सहल न्यायची असेल तर मुरूड-रोह्याच्या डोंगरातले फणसाडचे रान दाखवा. पूर्वी ही जंजिऱ्याच्या नबाबाची शिकारीची जागा होती. १९८६ साली तिचे अभयारण्य झाले.

इथे पिंजरे नाहीत, तेव्हा गप्प राहील त्यालाच दिसेल. फांदीवर बसून खाली टक लावणारा, डोक्याला तुरा असलेला मोठा पक्षी दिसला, तर तो सर्पगरुड. साप हे त्याचे आवडते खाणे. आणि साप काय खातो? आपल्या भाताच्या उडवीत शिरणारे उंदीर! म्हणजे दिसेल त्या सापावर काठी उगारणारा शेतकरी उंदरांचीच बाजू घेतो, नाही का?

अर्थात, सावध राहायलाच हवे. आपल्याकडे माणसाच्या जिवावर बेततात ते मुख्यतः चार साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. हातपाय हलू न देता माणसाला तडक सरकारी दवाखान्यात न्या. विषावरची लस तिथे टोचतात.

गिधाडांची गोष्टही मुलांना याच रानात सांगा. मेलेले ढोर ती बघता बघता फस्त करीत. पण गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक मांसावाटे पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि गिधाडे झपाट्याने कमी झाली. गुरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली. म्हणून गुराला सुई टोचण्यापूर्वी औषधाचे नाव विचारीत चला. तेवढे विचारणे आपल्या हाती आहे.