लंडनमध्ये कधीच न पाडलेलं पदक

नेपोलियनच्या काळातल्या एका पदकावर फ्रेंचमध्ये स्पष्ट कोरलं आहे: १८०४ मध्ये लंडन इथे पाडलं. प्रत्यक्षात फ्रेंच सैन्य लंडनला पोहोचलंच नाही. ते बुलोनच्या किनाऱ्यावर तळ ठोकून इंग्लंडवर उतरायची वाट पाहत होतं आणि इकडे विजयाचा ठसा तयारही झाला होता. एका बाजूला लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेलं नेपोलियनचं मस्तक, दुसऱ्या बाजूला शत्रूला मिठीत आवळून चिरडणारा हर्क्युलिस. तो शत्रू म्हणजे इंग्लंड. १८०५ च्या ऑगस्टमध्ये मोहीम गुंडाळून सैन्य ऑस्ट्रियाच्या दिशेने निघालं आणि ऑक्टोबरमध्ये ट्रफाल्गरला आरमाराचा धुव्वा उडाला.

घडण्याआधीच इतिहास कोरून ठेवण्याची ही घाई समजून घेण्यासारखी आहे. रोमन सम्राटांचे चेहरे युरोपला मुख्यतः नाण्यांमुळे ठाऊक होते. कागद जळतो, पुतळा फुटतो, पण मातीत गाडलेलं नाणं हजार वर्षांनीही राजाचं नाव सांगतं. चौदाव्या लुईने हे ओळखलं होतं. त्याच्या कारकिर्दीतल्या घटनांची पदकं रचायला विद्वानांची खास मंडळी नेमलेली होती आणि १७०२ मध्ये त्या पदकांचा देखणा ग्रंथ निघाला. नेपोलियनची गरज तर त्याहून मोठी. त्याच्यामागे राजघराणं नव्हतं, म्हणून त्याने थेट रोमशीच नातं जोडलं. हे काम सांभाळलं दोमिनिक विव्हाँ दनाँ याने. लूव्ह्र संग्रहालयाबरोबर पॅरिसची पदकांची टांकसाळही त्याच्याच हाताखाली होती. राज्याभिषेकाच्या पदकावर एक सैनिक आणि एक सिनेटर नेपोलियनला ढालीवर उचलून धरतात. सत्ता वारशाने आली नाही, फौजेने आणि जनतेने दिली, एवढा दावा त्या इवल्याशा चित्रात सामावला आहे.

‘लंडन’च्या पदकावरचं नेपोलियनचं मस्तक कोरणारा झाँ-पिएर द्रो पूर्वी बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत काम करून गेला होता. त्याच टांकसाळीत पुढे कोनराड क्यूखलरने टिपू सुलतानाच्या पाडावाचं पदक घडवलं.

हे पदक जवळून पाहायला हवं. आयाळ पिंजारलेला ब्रिटिश सिंह, त्याच्या पंजाखाली उताणा पडलेला वाघ. खाली रोमन आकड्यांत ४ मे १७९९ ही श्रीरंगपट्टण पडल्याची तारीख, दुसऱ्या बाजूला किल्ल्यावरचा हल्ला. वाघ हे टिपूचं चिन्ह. त्याच्या तख्तापासून तलवारीपर्यंत सगळीकडे वाघ होता. सिंहामागच्या निशाणावर मात्र अरबी अक्षरं आहेत: ‘असद अल्लाह अल-गालिब’, म्हणजे ईश्वराचा विजयी सिंह. हेच शब्द वाघाच्या मुखवट्याच्या आकारात गुंफून टिपू आपल्या हत्यारांवर मिरवत असे. जेत्यांनी वाघ लोळवला आणि त्याचं ब्रीदही उचललं. पराभूताची भाषाच त्याच्याविरुद्ध वापरण्याची ही चाल मला हर्क्युलिसच्या ताकदीपेक्षा जास्त भेदक वाटते.

हे पदक ब्रिटिश आणि हिंदी दोन्ही सैनिकांसाठी होतं, पण धातू हुद्द्याप्रमाणे बदलत गेला. सर्वांत वरच्यांना सोनं, त्याखाली मुलामा दिलेली चांदी, मग साधी चांदी, पुढे तांबं आणि साध्या शिपायांना कथील. ते कथील मिळवणाऱ्यांत मुंबई इलाख्याच्या फौजेतले शिपाईही होते.